पहिली साखळी आणि पाण्याचा अडसर

जानेवारी २०२५ मध्ये ‘बेन्नू’ या लघुग्रहाच्या नमुन्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. नासाच्या ‘ओसायरिस-रेक्स’ मोहिमेने हे नमुने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणले होते. सजीवांची प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांपैकी चौदा आम्ले त्या काळ्या मातीत सापडली. ‘जीवसृष्टीचे घटक अवकाशात’ अशा अर्थाच्या बातम्या जगभर आल्या आणि त्या चुकीच्या नव्हत्या. मात्र घटक मिळाले म्हणजे जीवसृष्टीच्या आरंभाचा उलगडा झाला, असे होत नाही. ही सुटी आम्ले एकमेकांना जोडली कशी गेली, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो कितीतरी अवघड आहे.

अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. साखळी लांबली आणि विशिष्ट घडी घालून स्थिरावली की ती प्रथिन होते. इन्सुलिनच्या रेणूत ५१ अमिनो आम्ले असतात, हिमोग्लोबिनच्या रेणूत पाचशेहून अधिक. अन्नाचे पचन, स्नायूंचे आकुंचन, प्राणवायूची वाहतूक ही कामे या साखळ्या करतात. सुट्या आम्लाला ती जमत नाहीत. निर्जीव पदार्थांकडून पेशीकडे येणारी वाट कोणतीही असो, सुट्या आम्लांपासून साखळीपर्यंतचा टप्पा तिच्यावर होताच. त्या वेळी पेशी नव्हत्या, विकरे म्हणजे एन्झाइम नव्हते, म्हणजे आज हे काम करणारे कोणीच नव्हते.

सुट्या आम्लांचे कोडे त्या मानाने लवकर सुटले. १९२४ मध्ये रशियात अलेक्झांडर ओपारिन आणि १९२९ मध्ये इंग्लंडात जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली होती. आदिम वातावरणातील साध्या वायूंपासून सेंद्रिय रेणू तयार झाले आणि ते समुद्रात साचत गेले, अशी ती कल्पना. (हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.) तिची परीक्षा शिकागो विद्यापीठात हॅरल्ड यूरी यांचा विद्यार्थी स्टॅन्ली मिलर याने घेतली. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात त्याने विजेच्या ठिणग्या सोडल्या. थोड्याच दिवसांत पाण्यात ग्लायसिन, ॲलानिन अशी अमिनो आम्ले तयार झाली. १९५३ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला आणि जीवसृष्टीच्या आरंभाचा प्रश्न प्रयोगशाळेत आला. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, अलाहाबाद विद्यापीठातील कृष्ण बहादूर यांनीही सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अमिनो आम्ले तयार झाल्याचे ‘नेचर’मध्ये नोंदवले होते. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती सांगायला हवी.

मिलरच्या प्रयोगावर पुढे रास्त आक्षेप आला. आदिम वातावरणात मिथेन आणि अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन अधिक असावेत, असे भूवैज्ञानिकांचे मत झाले आणि तशा वातावरणात आम्लांचे उत्पादन घटते. पण तोवर दुसरा पुरवठा सापडला होता. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावाजवळ एक अशनी कोसळला. त्यात सत्तरहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले मिळाली आणि त्यांतील बहुतेक पृथ्वीवरील प्रथिनांत आढळतच नाहीत. बेन्नूच्या नमुन्यांनी हेच चित्र आणखी पक्के केले. थोडक्यात, विश्वात ही आम्ले दुर्मीळ नाहीत.

अडचण जोडणीत आहे आणि ती समजण्यासाठी या रेणूची रचना पाहावी लागेल. प्रत्येक अमिनो आम्लाच्या एका टोकाला नायट्रोजनचा अमिनो गट असतो आणि दुसऱ्या टोकाला कार्बन व ऑक्सिजनचा कार्बॉक्सिल गट. एका आम्लाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाला जोडला जातो, तेव्हा दोघांमध्ये पेप्टाइड बंध तयार होतो. या जोडणीत दोघांकडून मिळून दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन बाहेर पडतात, म्हणजे पाण्याचा एक रेणू. रसायनशास्त्रात अशा क्रियेला संघनन म्हणतात. जितके बंध तितके पाण्याचे रेणू बाहेर पडायला हवेत.

आता ही क्रिया समुद्रात घडवायची आहे, असे समजा. सभोवार पाणीच पाणी असताना आणखी पाणी बाहेर टाकणारी क्रिया पुढे सरकत नाही. उलट सभोवतालचे पाणी तयार झालेला बंध तोडते. या तुटण्याला जलापघटन म्हणतात. ऊर्जेचा हिशेबही तुटण्याच्या बाजूने आहे. पाण्यात विरघळलेल्या आम्लांना वाटेल तितका काळ तसेच ठेवले, तरी समतोलाच्या स्थितीत साखळ्या अगदी नाममात्र असतील आणि जितकी लांब साखळी तितकी ती विरळ.

दुसरी अडचण विद्युतभाराची. साध्या, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही अशा पाण्यात अमिनो गटाला एक जादा हायड्रोजन चिकटलेला असतो आणि त्यावर धन भार असतो. त्या अवस्थेत त्याला दुसऱ्या आम्लावर चाल करून बंध जोडता येत नाही. कार्बॉक्सिल गटावर ऋण भार असतो आणि तोही सहजी फुटत नाही. म्हणजे दोन्ही टोके जणू बंद असतात. जीवसृष्टी पाण्यावाचून शक्य नाही आणि तिची पहिली साखळी मात्र पाण्यातच जुळत नाही, असा हा पेच आहे. अभ्यासक त्याला ‘पाण्याचा पेच’ असेच म्हणतात.

पण या पेचाला एक दुसरी बाजू आहे आणि पुढचे सगळे समजण्यासाठी ती लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पाणी पेप्टाइड बंध तोडते हे खरे, पण फार सावकाश तोडते. ॲना रॅडझिका आणि रिचर्ड वोल्फेंडेन यांनी १९९६ मध्ये मोजून दाखवले की साध्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, अशा बंधाचे अर्धायुष्य सुमारे साडेतीनशे ते सहाशे वर्षे असते. म्हणजे तेवढ्या काळात एकूण बंधांपैकी निम्मे तुटतात. त्यामुळे साखळी कायम टिकण्याची अट नाही. ती तुटण्याच्या वेगापेक्षा तयार होण्याचा वेग जास्त असला की साठा वाढत जातो. निसर्गात असे कोणते ठिकाण होते, जिथे बंध दिवसांत किंवा तासांत जुळत आणि तुटायला मात्र शतके लागत, असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर शोधता येते.

आजची पेशी हा पेच ऊर्जा खर्च करून सोडवते. ती आधी प्रत्येक अमिनो आम्लाला ‘सक्रिय’ करते, म्हणजे त्याच्या बंद टोकाला असा गट लावते की तो सहज सुटून जावा. मगच जोडणी होते. प्रत्येक पेप्टाइड बंधामागे पेशी फॉस्फेटचे चार उच्च ऊर्जेचे बंध खर्ची घालते. ही सोय पेशीपूर्व जगात नव्हती. म्हणून संशोधकांपुढे ढोबळमानाने दोन वाटा राहतात. पाणी काढून घ्यायचे, किंवा आम्लात ऊर्जा भरून देणारा एखादा साधा नैसर्गिक रेणू शोधायचा.

पहिल्या वाटेने प्रथम गेले ते अमेरिकेतील सिडनी फॉक्स. १९५०च्या दशकात त्यांनी कोरडी अमिनो आम्ले पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच वर तापवली. ॲस्पार्टिक किंवा ग्लुटॅमिक आम्लाचे प्रमाण जास्त ठेवले तर मिश्रण जळून न जाता लांब रेणू तयार होतात, असे त्यांना दिसले. या रेणूंना त्यांनी ‘प्रोटिनॉइड’, म्हणजे प्रथिनसदृश, असे नाव दिले. पाण्यात टाकल्यावर त्यांचे सूक्ष्म गोलकही बनत. पुढील तपासणीत मात्र दिसले की या रेणूंतील कितीतरी जोडण्या खऱ्या पेप्टाइड बंधांच्या नव्हत्या; आम्लांच्या बाजूच्या फांद्याही त्यात गुंतल्या होत्या. शिवाय इतक्या तापमानाला कोरडी, शुद्ध आम्ले कुठे साचली असतील, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. फॉक्स यांनी आपल्या गोलकांविषयी केलेले दावे पुराव्याच्या बरेच पुढे गेले होते. तरीही पाणी काढले की साखळी बनते, ही मूळ गोष्ट त्यांनीच सर्वांसमोर ठेवली.

त्यानंतरच्या संशोधकांनी तापमान खाली आणले आणि काळ वाढवला. चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये आपला मित्र जोसेफ हूकर याला लिहिलेल्या पत्रात एका लहानशा उबदार डबक्याची कल्पना केली होती. त्यात अमोनिया आणि फॉस्फेटचे क्षार असावेत आणि एखादे प्रथिन तयार व्हावे, असे त्याने सुचवले होते. डबक्याचे वैशिष्ट्य असे की ते आटते आणि पुन्हा भरते. उरण-पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांत भरतीचे पाणी कोंडून उन्हात आटवतात, तेव्हा पाण्यात विरळ असलेले क्षार घट्ट होत जाऊन शेवटी तळाशी बसतात. आदिम पृथ्वीवरील ज्वालामुखी बेटांच्या काठांवर आणि गरम झऱ्यांच्या कुंडांत सेंद्रिय रेणूंच्या बाबतीत हेच घडत असणार. त्या काळी दिवस लहान होता आणि चंद्र जवळ होता. म्हणजे वाळण्याची आणि भिजण्याची आवर्तने आजच्यापेक्षा लवकर लवकर होत.

१९७८ मध्ये नोआम लाहाव, डेव्हिड व्हाइट आणि शेरवुड चँग यांनी या कल्पनेचा प्रयोग केला. त्यांनी ग्लायसिनचे द्रावण चिकणमातीच्या खनिजांबरोबर ठेवून ते वारंवार तापवून वाळवले आणि पुन्हा भिजवले. तापमान उकळत्या पाण्याच्या खालीच होते. पाच ग्लायसिनपर्यंतच्या साखळ्या मिळाल्या. इथे मातीची भूमिका महत्त्वाची आहे. तिचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात, त्यांच्या पृष्ठभागावर रेणू चिकटतात आणि एकमेकांजवळ येतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी ही शक्यता त्याच्या सुमारे तीस वर्षे आधी वर्तवली होती. १९९६ मध्ये जेम्स फेरिस आणि लेस्ली ऑर्गेल यांच्या गटाने आधीच सक्रिय केलेली आम्ले खनिजांवर पुन्हा पुन्हा सोडली, तेव्हा पन्नासच्या पुढे लांबीच्या साखळ्या मिळाल्या.

सुक्या-ओल्या आवर्तनांच्या वाटेला खरा वेग आला तो २०१५ मध्ये. जॉर्जिया टेक विद्यापीठातील निकोलस हड आणि स्क्रिप्स संशोधन संस्थेतील रामनारायणन कृष्णमूर्ती यांच्या गटांनी अमिनो आम्लांत आणखी एक घटक मिसळला, हायड्रॉक्सी आम्ले. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल हे त्यांपैकीच एक. ही आम्ले मिलरच्या पाण्यात तयार झाली होती आणि मर्चिसनच्या अशनीतही होती, म्हणजे आदिम पृथ्वीवर ती अमिनो आम्लांच्या सोबतच असणार. आजवर शुद्ध अमिनो आम्लांवर प्रयोग करण्याच्या सवयीमुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले होते.

यामागची यंत्रणा सुरेख आहे. मिश्रण वाळताना हायड्रॉक्सी आम्ले आधी आपसांत जोडली जातात. त्यांच्यात एस्टर नावाचा बंध होतो आणि तो तयार होण्यास थोडीच ऊर्जा लागते. या एस्टर बंधावर अमिनो आम्लाचा अमिनो गट चाल करू शकतो. तो हायड्रॉक्सी आम्लाला बाजूला सारून तिथे बसतो आणि एस्टरच्या जागी पेप्टाइड बंध येतो. मग पाऊस पडतो किंवा भरती येते. पाणी एस्टर बंध लवकर तोडते, पेप्टाइड बंध मात्र तितक्या वेळात तुटत नाही. पुढच्या वाळणीत सुटी झालेली हायड्रॉक्सी आम्ले पुन्हा जोडली जातात, पुन्हा त्यांच्या जागी अमिनो आम्ले येतात. प्रत्येक आवर्तनात साखळीतील पेप्टाइडचा वाटा वाढत जातो. साखळी तोडणारे पाणी इथे कच्चे बंध बाजूला काढण्याचे काम करते.

या वाटेवर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. चार अब्ज वर्षांपूर्वी समुद्राबाहेर जमीन किती होती, यावर भूवैज्ञानिकांचे एकमत नाही. ओझोनचा थर नसल्याने उघड्या डबक्यांवर अतिनील किरणांचा मारा होत असणार. शिवाय दोन आम्ले जोडली की ती अनेकदा वळून स्वतःच्याच टोकाला चिकटतात आणि एक बंद कडे तयार होते. त्यापुढे साखळी वाढत नाही. प्रयोगशाळेत या कड्यांचे प्रमाण त्रासदायक असते.

पुण्यातही या विषयावर काम चालते. तेथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, सुधा राजमणी यांचा गट सुक्या-ओल्या आवर्तनांत अमिनो आम्ले आणि स्निग्ध रेणू एकत्र ठेवल्यास काय होते, ते पाहतो. अशा मिश्रणात आम्ले स्निग्ध रेणूंनाही जोडली जातात आणि तयार झालेल्या संयुगांपासून पेशीच्या आवरणासारखे पटल बनते, असे त्यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले. या निष्कर्षाचे महत्त्व असे की आदिम कुंडात अमिनो आम्ले एकटी नव्हती. ती कोणाशी जोडली जातील, हे शेजारी कोण आहे यावर ठरत होते.

दुसरी वाट, म्हणजे पाण्यातच राहून ऊर्जा मिळवण्याची. २००४ मध्ये ल्यूक लेमन, लेस्ली ऑर्गेल आणि रेझा गदिरी यांनी कार्बोनिल सल्फाइड या वायूचा प्रयोग केला. ज्वालामुखीतून बाहेर पडणाऱ्या वायूंत तो असतो. अमिनो आम्लांच्या द्रावणात तो सोडल्यावर सामान्य तापमानाला, काही मिनिटांत ते काही तासांत पेप्टाइड तयार झाले. अनुकूल परिस्थितीत उत्पादन ८० टक्क्यांपर्यंत गेले. कार्बोनिल सल्फाइड आम्लाच्या बंद टोकाला सक्रिय करतो, ही त्यामागची युक्ती. पण तो पाण्यात टिकत नाही, म्हणून हे सगळे ज्वालामुखीच्या आसपासच घडले असावे.

समुद्रतळावरील गरम पाण्याच्या झऱ्यांनाही अनेक पाठीराखे आहेत. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ हे झरे प्रथम दिसले. १९९८ मध्ये क्लाउडिया ह्यूबर आणि गुंटर वॅख्टरशॉयझर यांनी लोह व निकेलच्या सल्फाइडवर, कार्बन मोनॉक्साइडच्या साहाय्याने, १०० अंशांना दोन आम्लांच्या जोड्या बनवल्या. १९९९ मध्ये जपानमधील गटाने गरम आणि थंड पाण्याचे आवर्तन करून सहा ग्लायसिनची साखळी मिळवली. मिलर आणि जेफ्री बाडा यांनी मात्र १९८८ मध्येच बजावले होते की साडेतीनशे अंशांच्या पाण्यात हे रेणू टिकणार नाहीत. २००० मध्ये अटलांटिक महासागरात ‘लॉस्ट सिटी’ हे ४० ते ९० अंशांचे, अल्कलीयुक्त झरे सापडल्यावर त्या आक्षेपाची धार बोथट झाली. साखळ्या मात्र अजून आखूडच आहेत.

अलीकडे लाटांच्या तुषारांकडेही लक्ष गेले आहे. परड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले की पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांत, हवा आणि पाणी यांच्या सीमेवर, सुटी अमिनो आम्ले कोणत्याही उत्प्रेरकाशिवाय जोडली जातात. सीमेवरील रेणूला एका बाजूने पाणी नसते, एवढे कारण पुरेसे होते.

सर्वांत वेगळा विचार लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मॅथ्यू पाउनर यांचा आहे. अमिनो आम्ल हीच सुरुवात का धरायची, असे त्यांचे विचारणे. मिलरच्या पात्रात हायड्रोजन सायनाइड, अमोनिया आणि अल्डिहाइड यांपासून आधी अमिनोनायट्राइल नावाचे रेणू बनतात. पाण्यात मुरल्यावर त्यांचे अमिनो आम्ल होते. या दुसऱ्या टप्प्यात नायट्राइलमधील ऊर्जा वाया जाते. ती वाया जाण्याआधीच जोडणी करून घ्यावी, हे पाउनर यांनी २०१९ मध्ये साध्य केले. हायड्रोजन सल्फाइड आणि एक ऑक्सिडीकारक द्रव्य वापरून त्यांच्या गटाने साध्या पाण्यातच पेप्टाइड बनवले आणि उत्पादनही चांगले मिळाले. त्यासाठी निरनिराळी द्रव्ये ठरावीक क्रमाने मिसळावी लागली, ही या मार्गाची मर्यादा.

या सगळ्याचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. साखळी जुळण्यासाठी वाळणे आवश्यक असेल, तर गुरूचा चंद्र युरोपा किंवा शनीचा चंद्र एन्सेलाडस यांच्या बर्फाखालच्या समुद्रांत जीवसृष्टीची अपेक्षा कमी करावी लागेल. तिथे किनारा नाही. मग मंगळाचे पारडे जड होते. ‘क्युरिऑसिटी’ बग्गीने गेल विवरात षटकोनी भेगांची जुनी चिखलवाळण टिपली आणि तिथे पाणी वारंवार येऊन आटत होते, असे अभ्यासकांनी २०२३ मध्ये दाखवले. समुद्रतळाची वाट खरी असेल, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या ‘युरोपा क्लिपर’ मोहिमेचे महत्त्व वाढते. अब्जावधी डॉलरच्या मोहिमा कोठे पाठवायच्या, याचा निर्णय एका रासायनिक बंधाच्या आकलनावर काही अंशी अवलंबून आहे.

वस्तुस्थिती मांडल्यावर मत देणे संपादकीयाचे काम आहे, म्हणून ते इथे देतो. या प्रयोगांना दोन मापे लावली जातात. एक, उत्पादन किती मिळाले. दुसरे, त्यासाठी लागणारी द्रव्ये आणि परिस्थिती आदिम पृथ्वीवर किती सहज होती. वर्तमानपत्रे पहिल्या मापावर भाळतात. आमच्या मते दुसरे माप अधिक वजनाचे आहे. शुद्ध बाटलीतील ८० टक्क्यांपेक्षा अशुद्ध, मिसळलेल्या द्रावणातील दोन-चार टक्के अधिक बोलके असतात, कारण निसर्गाकडे काळ भरपूर होता आणि शुद्ध बाटली नव्हती. त्या मापाने हायड्रॉक्सी आम्लांसह होणारी सुकी-ओली आवर्तने आज सर्वांत भक्कम वाटतात. इतर वाटा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. ज्वालामुखीच्या काठावर वायू, तुषार आणि वाळण एकाच ठिकाणी असायला काहीच हरकत नव्हती.

या मताची दुसरी बाजूही सांगायला हवी. शंभर आम्लांचे एखादे विशिष्ट प्रथिन योगायोगाने जुळण्याची शक्यता शून्यासारखीच आहे, म्हणून जीवसृष्टी आपोआप होणे अशक्य, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. गणित बरोबर आहे. वीस प्रकारांतून दहा आम्लांची साखळी करायची तरी सुमारे दहा लाख कोटी पर्याय होतात. पण पहिल्या साखळ्या शंभर आम्लांच्या असण्याचे कारण नव्हते आणि सगळे पर्याय सारखेच संभवनीयही नव्हते. रिचर्ड एक आणि मार्गारेट डेहॉफ यांनी १९६६ मध्ये फेरेडॉक्सिन या प्राचीन प्रथिनाच्या क्रमात एका छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती दाखवून दिली होती. मूळ तुकडा मोजक्या, साध्या आम्लांचा असावा. २०१९ मध्ये मोरान फ्रेंकेल-पिंटर आणि सहकाऱ्यांना असे दिसले की सुक्या आवर्तनांत लायसिन, आर्जिनिन आणि हिस्टिडिन ही प्रथिनांत असणारी आम्ले साखळीत नीट बसतात, तर त्यांच्यासारखीच पण प्रथिनांत नसणारी काही आम्ले तितकी नीट बसत नाहीत. म्हणजे काही निवड सजीवांच्या आधीच, केवळ रसायनाच्या बळावर होत होती.

साखळी जुळण्याचा प्रश्न अशा रीतीने बराच सुटत आला आहे. साखळीतील क्रम कोण ठरवणार, हा प्रश्न मात्र तसाच उरतो. आजच्या पेशीत तो आरएनए ठरवतो आणि जोडणीही आरएनएच करतो. रायबोसोम या पेशीतील यंत्रात बंध जुळतो, त्या जागी प्रथिन नाही, फक्त आरएनए आहे, हे २००० मध्ये उघड झाले. रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि ॲडा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणून पेप्टाइड आणि आरएनए यांची गाठ कधी पडली, इकडे आता संशोधनाचा रोख आहे. म्युनिकमधील थॉमस कॅरेल यांच्या गटाने २०२२ मध्ये आरएनएच्या आधाराने लहान पेप्टाइड वाढताना दाखवले. २०२५ मध्ये ज्योती सिंग, पाउनर आणि सहकाऱ्यांनी गंधकयुक्त सक्रिय अमिनो आम्ले साध्या पाण्यात, विकरांशिवाय, आरएनएला जोडली. त्यांच्या प्रयोगात कोणते आम्ल कोणत्या आरएनएला जोडले जावे, हे मात्र आरएनएच्या क्रमावरून ठरले नाही. आता त्यासाठीच प्रयोग आखले जात आहेत.